वाकण्याचे अंश

भुदरगड तालुक्यातल्या एका म्हातारीला मी एकदा विचारलं, "आजी, पायमोजे चढवताना त्रास होतो का?"

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग बरोबर आलेल्या नातवाकडे. नातू मान खाली घालून हसत होता.

"कुणाचं?" आजी म्हणाली.

प्रश्न माझा नव्हता. गुडघ्याच्या दुखण्याची मोजदाद करायला वोमॅक नावाची एक प्रश्नावली जगभर वापरतात. ती कॅनडात तयार झाली. पायमोजे घालणं आणि पायमोजे काढणं हे तिच्यात दोन वेगळे प्रश्न आहेत. मोटारीत चढणं-उतरणं आहे, बाथटबमध्ये शिरणं आणि बाहेर येणं आहे, खरेदीला जाणं आहे. आमच्याकडच्या पेशंटचे गुडघे बदलण्याआधीचे आणि नंतरचे गुण मांडून एका परिषदेत निबंध वाचायचं मी त्या वर्षी मनावर घेतलं होतं. म्हणून प्रश्नावलीचं जमेल तसं मराठी करून, तिच्याच क्रमानं विचारत चाललो होतो. आजीच्या आयुष्यात पायमोजा आला नव्हता. टब तर तिनं म्हशीला पाणी पाजायचा पाहिला असेल. जमिनीकडे वाकण्याबद्दल त्या कागदावर एक ओळ होती, जमिनीवर बसण्याबद्दल नव्हती.

शेवटी मी कागद बाजूला सारला. "गुडघा बरा झाला तर काय करणार, ते सांगा."

"देवापुढं बसतो की," आजी म्हणाली. आमच्या कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'येतो', 'जातो', 'करतो' म्हणतात. पुण्याच्या लोकांना त्याचं फार हसू येतं. "दोन वरसं झाली, उभ्यानंच हळदकुंकू वाहतोय. लांबनं टाकल्यागत वाटतंय. कोंबड्यास्नी दाणं टाकत्यात न्हवं का, तसं."

परिषदेतला निबंध मी वाचला. गुण सुधारले होते, टाळ्या झाल्या, जेवण चांगलं होतं. पण कोंबड्यांचे दाणे काही डोक्यातून गेले नाहीत.

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. शंभर पानी, साधी, शाळेच्या दुकानातली. ऑपरेशनला तयार झालेल्या प्रत्येकाला तो एकच प्रश्न विचारतो आणि उत्तर त्याच्या शब्दांत लिहून ठेवतो. हे संशोधन नव्हे; एकही नियतकालिक ही वही छापणार नाही. जोतिबाच्या पायऱ्या चढायच्यात. एकदा तरी वारीला जायचंय. नातीच्या लग्नात पाटावर बसायचंय. सत्यनारायणाला जोडीनं बसायचंय, 'हे' एकटेच बसतात. पारायणाला मांडी घालून बसायचंय, मागं खुर्चीत बसलं की वाचणारा कोण आणि ऐकायला आलेला कोण ते कळत नाही. एका म्हाताऱ्या पैलवानानं सांगितलं, "आखाड्यात उतरून मातीत बसायचं हाय. बास." ज्या हौद्यात त्यानं उमेदीची वर्षं काढली तिथल्या तांबड्या मातीत ताक, हळद, लिंबू, तेल मुरवलेलं असतं. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेल्या खासबाग मैदानात तो लढलेला. त्याचे गुडघे वयानं गेले, कुस्त्यांनी गेले की हजार-हजार बैठकांनी, हे सांगणं अवघड. बैठकांना दोष दिलेला त्याला चालला नाही, म्हणून मी वयावर ढकललं.

वही चाळताना एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली. आम्ही गुडघा चालण्यासाठी बदलतो. ही माणसं तो खाली जाण्यासाठी बदलून मागतात. आणि खाली जायचं ते बहुतेक वेळा कुणापुढे तरी.

*

गुडघा मोजायला आमच्याकडे गोनिओमीटर असतो, कंपासपेटीतल्या कोनमापकाचा थोरला भाऊ. सपाट रस्त्यावर चालायला गुडघा साठ-पासष्ट अंश वाकला तरी पुरतो. जिना चढायला-उतरायला नव्वदच्या आसपास, ठेंगण्या खुर्चीतून उठायला शंभरावर थोडं. उकिडवं बसायचं, मांडी घालायची तर १३० च्या पुढे जावं लागतं, आणि टाचांवर बसायचं म्हणजे वज्रासनात दीडशेच्याही वर. बदललेला गुडघा, सगळं सुरळीत झालं तर, साधारण ११० ते १२० पर्यंत वाकतो. खुर्ची आणि जमीन यांच्यामधली ही तीस-चाळीस अंशांची दरी आहे. माझी सगळी प्रॅक्टिस त्या दरीच्या काठावर चालते.

दरी कशी पडली याला इतिहास आहे. आजच्या कृत्रिम गुडघ्याचा पूर्वज १९७४ साली न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत जन्मला. जॉन इन्सॉल, पीटर वॉकर आणि आपले चित्तरंजन राणावत ही मंडळी त्यामागे होती. तो गुडघा साधारण नव्वद अंश वाकायचा. न्यूयॉर्कच्या संधिवाताच्या पेशंटला न दुखता चालता आलं आणि खुर्चीत बसता आलं, की काम फत्ते. त्यात गैर काही नव्हतं. समोर जो माणूस होता त्याच्या मापानं त्यांनी सांधा बेतला. चार वर्षांनी इन्सॉल आणि बर्स्टीन यांनी त्यात सुधारणा करून वाकणं वाढवलं. पुढे ऑक्टोबर २००० मध्ये राणावतांनीच मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान वाजपेयींचा डावा गुडघा बदलला आणि दुसऱ्या वर्षी उजवा. गुडघा बदलता येतो ही बातमी आमच्या गावोगावी पोचली ती तेव्हा. माझ्या ओपीडीत लोक वाकडे झालेले पाय घेऊन यायचे आणि म्हणायचे, "वाजपेयींसारखं करा."

मग जास्त वाकणारा, 'हाय फ्लेक्शन' गुडघा बाजारात आला. आशियाई पेशंट समोर ठेवूनच त्याची जाहिरात झाली. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणानं गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली: साधा कोबाल्ट-क्रोमचा ५४,७२० रुपये आणि जास्त वाकणारा ५६,४९० रुपये, कर वेगळा. फरक १,७७० रुपयांचा. देवापुढे बसण्याचा सरकारी भाव एवढा ठरला, असं मी तेव्हा चहा पिताना म्हणालो होतो. विनोद बरा होता, हिशेब चुकीचा होता. कारण साधा आणि जास्त वाकणारा यांची तुलना करणारे अभ्यास तोवर बरेच झाले होते आणि सांगण्यासारखा फरक फारसा कुणाला सापडला नव्हता. ऑपरेशनआधी गुडघा किती वाकत होता, यावरच नंतरचं वाकणं बव्हंशी ठरतं.

त्याहून वाईट बातमी त्याच्या कितीतरी आधी, २००७ साली, सेऊलहून आली होती. कोरियातली माणसं आपल्यासारखीच जमिनीवर जगणारी. तिथल्या सर्जनांनी अशाच एका जास्त वाकणाऱ्या गुडघ्याचा पाठपुरावा केला. ७२ गुडघ्यांपैकी २७ मध्ये मांडीच्या हाडावर बसवलेला भाग तीनेक वर्षांच्या आतच सैल झालेला निघाला. आणि सैल कुणाचे जास्त, तर जे उकिडवे बसत, गुडघे टेकत, मांडी घालत त्यांचे. ज्यांच्यासाठी सांधा बनवला त्यांनी तो त्याच कामाला वापरला, म्हणून तो हलला.

हे वाचल्यावर मी घाबरलो. डिस्चार्जच्या वेळी द्यायचा माझा कागद मी नव्यानं छापून घेतला. त्यावर ठळक अक्षरांत होतं: मांडी घालू नये. उकिडवे बसू नये. गुडघे टेकू नयेत. जमिनीवर बसू नये.

वैद्यकीय सल्ला म्हणून मी तो कागद लिहिला. तो धार्मिक फतवाही आहे, हे मला माझ्या एका पेशंटनं सांगितलं.

*

हा गृहस्थ एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला मेकॅनिक. आम्ही त्याला चाचा म्हणायचो. दोन्ही गुडघे मीच बदललेले, वर्ष होऊन गेलेलं, चाल उत्तम, एक्सरे देखणा. तरी खट्टू होऊन बसला होता.

"दुखतं का?"

"न्हाई."

"मग?"

"मशिदीत मला खुर्ची दिलीया. रांगेच्या कडंला."

"बरं केलं की."

"बरं कसलं, डॉक्टर? सगळी खाली जात्यात. मी एकटाच वर. सगळ्यांच्या पाठी दिसत्यात मला. मी काय मुकादम हाय व्हय?"

मी त्याला समजावू लागलो. तुमच्या धर्मात आजाऱ्याला सवलत आहे, उभं राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर आडवं पडून नमाज होते, हे मी कुठं तरी वाचलं होतं आणि वाचलेलं सांगायची मला खोड आहे. चाचानं हात वर केला.

"सवलत मला ठावं हाय. मौलानांनी सांगितलंय, तुमच्या आधी. मी सवलत मागायला आलो न्हाई. माझं कपाळ जमिनीला लागंल का, तेवढं सांगा. दुसरं कोण सांगू शकत न्हाई ते."

मी म्हणालो, "करून दाखवा."

ओपीडीचं दार लावलं, सतरंजी अंथरली, एका बाजूला फिजिओथेरपिस्ट आणि एका बाजूला मी असे उभे राहिलो. चाचानं आधी तोंडानं सगळी कृती सांगितली आणि मग आमच्या मदतीनं सावकाश खाली गेला. मी गोनिओमीटर लावला. लाज वाटावी अशी गोष्ट अशी, की इतकी वर्षं शेकडो गुडघे पाहून मी नमाज म्हणजे एकच आसन समजत होतो. सिजद्यात, म्हणजे कपाळ टेकताना, पुरुषाच्या मांड्या पोटऱ्यांपासून सुटलेल्या असतात, कंबर वर असते. गुडघा शंभर अंशांच्या आसपास वाकतो. चाचाचा गुडघा ११५ वाकत होता. अडचण होती ती दोन सिजद्यांच्या मधलं टाचांवरचं बसणं. तिथं दीडशे लागतात.

"म्हंजे लोड सिजद्यात न्हाईच," खालूनच चाचा म्हणाला. "मधल्या बसण्यात हाय."

आठवड्यानं तो एक ठेंगणं लाकडी स्टूल घेऊन आला, स्वतः बनवलेलं, पोटऱ्यांवर आडवं बसेल असं. मधल्या बसण्याला त्यावर टेकायचं, उठताना त्याचाच आधार घ्यायचा. गुडघ्याखाली दुहेरी घडीची गोधडी. गुडघे टेकल्यानं बदललेला सांधा बिघडतोच असं नाही, हे तोवर मी नीट वाचून काढलं होतं; ते आधी वाचायला हवं होतं. एक गोष्ट मात्र त्याला सांगितली. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला त्वचेची एक बारीक नस ऑपरेशनमध्ये कापली जाते, त्यामुळे तिथली कातडी बधिर राहते. गुडघा टेकलेला कळणार नाही, काही टोचलं तरी कळणार नाही, जागा बघून टेका.

"गुडघ्याला न्हाई कळली तर चालंल," तो म्हणाला. "कपाळाला कळती की."

'नमाज' हा शब्द अरबी नव्हे, फारसी आहे. आणि तो आपल्या 'नमस्'चा सख्खा भाऊ. दोन्हींच्या मुळाशी वाकणं आहे. कोल्हापुरात हे सांगायला भाषाशास्त्र लागत नाही म्हणा. बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणपती कोरलेला आहे आणि आत जाणारा प्रत्येकजण त्याच्याखालूनच जातो. पण मला त्या शब्दांतली शारीरिक गोष्ट आवडली. नमस्कार ही भावना असण्याआधी एक हालचाल होती. कुणीतरी कुणापुढे वाकलं, आणि शब्द त्या वाकण्याला मिळाला.

*

मग मी ग्रंथ धुंडाळू लागलो. माझ्या बायकोच्या मते ही सर्जनांची पन्नाशीनंतरची व्याधी आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाचं आसन फार उंच नको आणि फार खाली नको असं सांगितलंय. मी पेशंटच्या खुर्चीबद्दल नेमकं हेच सांगतो, त्यामुळे मला बरं वाटलं. पण खरा खजिना ब्रह्मसूत्रांत निघाला. चौथ्या अध्यायाच्या पहिल्या पादात चक्क हाच प्रश्न आहे: उपासना बसून करावी, उभ्यानं की पडून? शंकराचार्य त्याला किरकोळ समजत नाहीत. ते म्हणतात, बसूनच. कारण चालता-पळताना चित्त विखुरतं, उभं राहिलं तर मन देह सावरण्यात गुंततं, आडवं पडलं तर अवचित झोप लागते. पुढे दोन-चार सूत्रांनंतर दिशा, स्थळ, वेळ यांचा प्रश्न येतो. तिथं उत्तर अगदी मोकळं आहे: जिथं मन एकाग्र होईल ते चालेल, वेगळा नियम नाही.

मला वाटलं, सापडलं. आचार्यांनी दिलेलं कारण मनाचं आहे. मन देह सावरण्यात गुंतू नये एवढ्यासाठी बसायचं. आता ज्याच्या गुडघ्यातली गादी झिजून हाडावर हाड घासतंय, तो मांडी घालून बसला तर त्याचं मन कुठं असेल? गुडघ्यातच. तेव्हा आचार्यांच्याच न्यायानं त्याचं योग्य आसन म्हणजे अठरा इंच उंचीची, हात टेकायला दांडे असलेली खुर्ची. हा युक्तिवाद मी ओपीडीत वापरू लागलो. काही लोक 'शंकराचार्य' ऐकूनच गप्प बसायचे, त्याला मी पटणं समजत होतो.

राजारामपुरीतल्या एका निवृत्त शिक्षिकेनं तो मोडीत काढला. संस्कृत शिकवण्यात हयात गेलेली बाई. शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "डॉक्टर, आचार्य बत्तिसाव्या वर्षी गेले. गुडघेदुखीचा त्यांना काय अनुभव?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"दुसरं असं," त्या म्हणाल्या, "तुम्ही जे वाचलंत ते उपासनेबद्दल आहे, ध्यानाबद्दल. ते मी खुर्चीतच करते, छान होतं. मला अडलंय नमस्काराचं. नमस्कार मन एकाग्र व्हावं म्हणून नसतो करायचा. साष्टांगातली आठ अंगं मोजा."

घरी जाऊन मोजली. छाती, मस्तक, दृष्टी, मन, वाणी, पाय, हात आणि गुडघे. मन त्यात आहे, वाणी आहे, आणि त्याच यादीत, त्याच तोलानं, गुडघे आहेत. मन वर आणि सांधा खाली अशी उतरंड त्यात नाही. 'भाव महत्त्वाचा, शरीराचं काय एवढं' असं आपण आजाऱ्याला सहज म्हणतो, मीही हजारदा म्हटलंय. बाईंच्या बोलण्यानंतर ते वाक्य माझ्या तोंडून नीट निघेना. ज्याचं शरीर धडधाकट आहे त्यानं दुसऱ्याच्या शरीराला गौण ठरवायचं, यात काहीतरी खोट आहे. आणि मी स्वतः दिवसभर तेच गौण शरीर अर्ध्या मिलिमीटरच्या हिशेबानं कापत असतो.

शिवाय असं ठरवणारा मी कोण? या गावात हा प्रश्न नवा नाही. १८९९ साली पंचगंगेवर कार्तिकस्नानाच्या वेळी खुद्द शाहू महाराजांसाठी पुरोहितानं वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले आणि त्यावरून जे वेदोक्त प्रकरण पेटलं, त्यानं महाराष्ट्राचं राजकारण बदललं. कुणाची पूजा कोणत्या पद्धतीनं 'चालते', हे दुसऱ्यानं ठरवण्याची चीड इथल्या पाण्यात आहे. आणि मी पांढरा कोट घालून सांगत होतो, खुर्चीवर केलेली चालते, जमिनीवर केलेली चालत नाही.

माझ्या बाजूनं एवढं म्हणेन, की सेऊलचे सैल झालेले सांधे खोटे नव्हते. पुन्हा उघडावा लागलेला गुडघा काय असतो ते पाहिलेला माणूस 'बसा बिनधास्त' म्हणू शकत नाही. हाड कमी उरलेलं असतं, जंतूंचं भय वाढलेलं असतं, माणूस दहा वर्षांनी म्हातारा झालेला असतो. तेव्हा बसू दिलं तर सांध्याचा गुन्हेगार, नाही बसू दिलं तर आजीच्या हळदकुंकवाचा. यावर एकच नियम मला सापडलेला नाही. छापील कागद मात्र मी बंद केला. आता माणूस पाहून, त्याला काय करायचंय ते त्याच्याकडून करवून घेऊन, हातानं लिहून देतो. वेळ जातो. बाहेर बसलेले लोक कुरकुरतात. पैलवानाला मी मातीत बसायची परवानगी दिली नाही. हौद्याच्या कडेवर बसून कमरेत वाकला तर हात मातीला पोचतो, हे मात्र करून घेतलं. तो राजी झाला, खूश झाला नाही.

*

आईचे गुडघे माझ्या एका मित्रानं बदलले. आपल्या माणसावर आपण चाकू धरू नये असा आमच्यात संकेत आहे, आणि तो शहाणपणाचा आहे. ऑपरेशन मित्राचं असलं तरी नंतरचे नियम माझे होते, आणि ते त्या छापील कागदाच्या काळातले होते.

आमचा देव्हारा जमिनीलगत होता. आई पाटावर बसून पूजा करायची, पंचाहत्तरीपर्यंत. मी सुताराला बोलावून टेबल करून घेतलं, देव्हारा त्यावर चढवला, समोर खुर्ची ठेवली, खुर्चीच्या पायांना रबर लावलं. माझ्या मते काम चोख झालं होतं. आई दोन दिवस पूजेला बसली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "देवाच्या डोळ्याला डोळा भिडतोय रे. शेजारणीशी बोलत बसल्यागत वाटतंय."

टेबल आणखी उंच करू का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "तुला कळलं न्हाई, ऱ्हाऊ दे."

पुढे तिनंच तोड काढली. आमच्या देव्हाऱ्यात चांदीचे टाक आहेत, जोतिबाचा, अंबाबाईचा, आणि एक इतका जुना की कुणाचा ते आम्हाला कुणालाच माहीत नाही. पूजा झाली की आई एकेक टाक उचलायची, मान खाली घालायची आणि टाक कपाळाला लावून बराच वेळ तशीच बसायची. स्वतःला खाली नेता येईना म्हणून तिनं देवाला कपाळापर्यंत आणलं होतं. गोनिओमीटरनं मोजलं असतं तर गुडघा नव्वद, मान चाळीसेक. पाच-सहा वर्षांत जोतिबाचं नाक-डोळे पुसट झाले.

याबद्दल मी तिला काही विचारलं नाही. ओपीडीत मी सगळ्यांना विचारतो, वहीत लिहून घेतो. आईचं पान त्या वहीत नाही.

मग नवरात्र आलं. नवरात्रात देव बसतात. टाक खाऊच्या पानांवर मांडले, की दसऱ्यापर्यंत त्यांना हलवायचं नाही. म्हणजे नऊ दिवस कपाळाला लावणं बंद. आणि घट. घट टेबलावर मांडायला आईनं साफ नकार दिला. पत्रावळीत माती पसरायची, धान्य पेरायचं, त्यावर घट ठेवायचा, ते जमिनीवरच. त्यात तडजोड नाही. रोज माळ बांधायची आणि मातीत हातानं पाणी शिंपडायचं. एवढी वर्षं हे तिनं केलं होतं. ती खाली बसू शकत नाही, माझी बायको तेव्हा मुलीच्या बाळंतपणाला बंगळुरूला गेलेली.

"तू बस," आई म्हणाली.

मी बसलो. पटकन बसलो, काहीही दुखलं नाही. पायाखाली पाय दुमडून टाचांवर बसलो तरी आणखी जागा शिल्लक होती. साठीला आलेले माझे दोन्ही गुडघे पूर्ण वाकत होते, ज्या वाकण्यासाठी लोक माझ्या दारात रांग लावतात तेवढे. आणि मला आठवेना की मी याआधी जमिनीवर कधी बसलो होतो. जेवतो टेबलावर, ऑपरेशन उभ्यानं करतो, वाचतो आरामखुर्चीत. देवळावरून जाताना गाडीचा वेग किंचित कमी करतो, हॉर्न वाजवतो आणि उजवा हात छातीला लावून ओठांना लावतो. माझी भक्ती ती एवढीच, आणि तिला गुडघा लागत नाही.

पहिले दोन दिवस मातीत काही दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी तांब्या घेऊन आलो तर फिकट पिवळे कोंब वर आले होते, सुईच्या टोकाएवढे. मी बसून ओंजळीतलं पाणी वरून शिंपडलं. आई मागे खुर्चीत होती.

"अजून खाली हो," ती म्हणाली. "वरनं नगं टाकूस. मुळाशी घाल."